चंद्रभान कुऱ्हाडे, वय सत्तेचाळीस

रोज रात्री दोन वाजता
चंद्रभान कुऱ्हाडे मापाडी परवान्याचा अर्ज भरतो.
तीन वर्षं झाली, वय सत्तेचाळीसच.
मुक्काम पोस्ट मानवत, जिल्हा परभणी,
मोबाइल नंबर नऊ वेळा नऊ आणि शेवटी शून्य.

मीच जन्माला घातलाय त्याला
वसमत रोडला, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत.
आडनाव मुद्दाम असं निवडलं
की त्यातला ऱ्ह आत शिरताना अडखळावा.
पहिल्याच रात्री अडखळला.
पावतीवर कु, मग एक रिकामी चौकट, मग डे.
मुदस्सिर नांदेडहून फोनवर हसला,
"तुझ्या माणसाची कुऱ्हाड हरवली की गं,"
आणि उजाडेपर्यंत शोधून दिली.

तेव्हापासून मी चंद्रभानच्या मागे.
पुण्यात कुणीतरी 'जतन करा'चं बटण
डावीकडून उजवीकडे नेतं,
हा बापडा जुन्याच जागी बोट दाबत उभा.
कुणी त्याचं 'पुढे जा' करतं.
हा तीस सेकंद शोधतो, मग पडतो.
सकाळी चहाच्या आधी मी त्याला उठवते.
पान उशिरा उघडलं तर थांबायला शिकवलं,
सेकंद मोजत नाही,
बटण दिसेपर्यंत.
एवढं एक शिकवायला वर्ष गेलं माझं.

बाबा वजनमापे खात्यात शिपाई होते.
पितळी वजनांची पेटी सायकलला बांधून
सेलू, पाथरी, सोनपेठ,
साहेबांच्या मागं तराजू तपासत फिरायचे.
आणि ठरल्या वेळी ती पेटीच जायची औरंगाबादला,
स्वतःला तपासून घ्यायला.
कामून, मी विचारलं होतं.
"पितळ झिजतं, बाई. हाताच्या घामानंसुद्धा."
आणखी एक म्हणायचे,
"काटा हलतो त्याची काळजी नाही.
ज्याचा हलतच नाही, त्याच्या दुकानात आधी जायचं."

मार्चमध्ये मोंढ्यातून फोन आला.
अकरा मापाड्यांचं शुल्क दोनदा कापलं गेलेलं.
माझ्यासमोर पडदा,
चारशे बारा तपासण्या, चारशे बारा हिरव्या,
पावसाळ्यातल्या बांधासारख्या.

एकशे अडुसष्टावी उघडली.
चंद्रभान शंभर रुपये भरतो,
पावती उघडतो,
आणि निघून येतो.
रक्कम वाचतच नाही.
वाचायची ओळ होती. तिच्यापुढे दोन तिरक्या रेघा,
शेजारी माझ्याच अक्षरात, 'उद्या बघू'.
मागचा मे महिना. लाइट गेलेली,
इन्व्हर्टर टिंटिं करत होता,
सकाळी काम द्यायचं होतं,
आणि ती एकच लाल.
तीनशे तीन रात्री तो रिकाम्या हातानं परत आला
आणि मी त्याला शाबास म्हटलं.

रेघा पुसल्या. लाल झालं.
मुदस्सिरनं आतलं दुरुस्त केलं, हिरवं झालं.
अकरा जणांचे पैसे परत जातील, म्हणाला, झोप आता.
झोपले नाही.
दुरुस्त केलेलं माझ्या प्रतीत पुन्हा मोडलं,
शंभराच्या जागी एकशे एक,
आणि बसले बघत.
खाली गिरणी सुरू झाली.
टेबल थरथरलं, चहावरची साय हलली.

लाल.
'अपेक्षित शंभर, मिळाले एकशे एक.'
इतकं स्पष्ट चंद्रभान कधी बोलला नव्हता.

रात्री जेवताना बाबांना सगळं सांगितलं.
ते भाकरी मोडत ऐकत होते,
कळलं की नाही, चेहऱ्यावरून कळेना.
ठेच्याची वाटी माझ्याकडं सरकवत म्हणाले,
"मुद्दाम मोडलेलं ते
परत जोडलंस ना?"

मी ताटावरून उठले.
जिना चढताना ऐकू आलं, ते आईला सांगत होते,
भाकरी झाकून ठेव तिची.